कांताबाईची म्हैस

गोपिकाबाईने शेजारच्या कांताबाईची म्हैस ओढत आणून आपल्या दारातल्या खुंट्याला बांधली, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी दोन अनोळखी पोरी दिसल्या. एकीच्या खांद्याला पिशवी, दुसरीच्या हातात कागद. आल्याच की! स्थळ आणणाऱ्या तातेरावांनी नातीला बघायला पाहुणे संध्याकाळी येणार म्हटलं होतं, आणि आत्ता कुठे सकाळची उन्हं अंगणात येत होती. पण सांगितल्या वेळेआधी बायका पाठवून मुलीचं घर अवचित बघायचं, ही काहींची खोडच असते. ते काय तिला ठाऊक नव्हतं?

"मोनिका, चहा टाक जल्दी," ती दाराआड नातीला म्हणाली. "आन् चक्कर-बिक्कर काही बोलायचं न्हाई. सांगून ठेवते!"

लेक रामेश्वर आणि सून दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला गेलेले. सगळी भिस्त म्हातारीवर.

"आजी, आम्ही जालन्याहून आलो," पिशवीवाली साधना म्हणाली. "नर्सिंगच्या मुली आहोत. घरची थोडी माहिती..."

"शिकलेल्या हायेत, दिसतंयच की. बसा आधी." गोपिकाबाईने खुर्च्या पुढे सरकवल्या. त्याही कांताबाईच्याच.

"घर स्वतःचं का?" कागदवाल्या वंदनाने विचारलं.

"बिलकुल स्वतःचं."

"शेती?"

"पाच एकर." होती दीड. पण सोयरिकीत कोण खरं सांगतं?

"म्हैस तुमचीच?"

"मंग कोणाची?"

म्हैस नेमकी तेव्हाच कांताबाईच्या घराकडे तोंड करून रेकली. गोपिकाबाईने तिकडे साफ दुर्लक्ष केलं.

शिकलेलं कोण, कमावतं कोण, गॅस आहे का, संडास आहे का. मागच्या स्थळानेही बराबर हेच खोदून खोदून विचारलं होतं. मग वंदना म्हणाली, "आजी, डाळ आठवड्यातून किती वेळा होते?"

अशी चौकशी मात्र गोपिकाबाईने जन्मात ऐकली नव्हती. खात्यापित्या घरची माणसं दिसतात, पोरीला उपाशी ठेवायची नाहीत. तिला बरंच वाटलं.

"रोज! वर तूप!"

"घरात कुणाला काही त्रास? चक्कर, धाप?"

"आमच्या घरात आजार माहीतच न्हाई."

तेवढ्यात मोनिका चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात आली. कपबश्या खुळखुळल्या. तिने एका हाताने चौकट धरली. साधना ताडकन उठली, ट्रे काढून घेतला, मोनिकाला खुर्चीत बसवलं आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने हलकेच ओढून पाहिली. आत लाली नावालाही नव्हती.

गोपिकाबाई खुर्चीजवळ आली. बघायला येणारे केस बघत, चाल बघत. पापणीच्या आत कधी कोणी डोकावलं नव्हतं.

"कधीपासून होतंय हे?" साधनाने विचारलं.

मोनिकाने आजीकडे पाहिलं.

आता एक शब्द निघाला की हेही स्थळ मोडणार. मागचं असंच मोडलं होतं, पोरगी अशक्त दिसते म्हणून. गोपिकाबाईची नजर नातीच्या हातांवर गेली. पांढरेफटक हात. हीच पोरगी डब्यातले कच्चे तांदूळ चघळत बसते, पाण्याची घागर आणताना वाटेत टेकते, आणि आपण म्हणतो, नखरे करते. म्हातारीला स्वतःचीच लाज वाटली.

"मोडू द्या स्थळ!" ती एकदम ओरडली. "खड्ड्यात जाऊ द्या! दिवाळीपासून पोरगी धापा टाकून राह्यली. मीच तिचं तोंड दाबलं. आन् शेती पाच न्हाई, दीड हाय. डाळ आठवड्यातून एकदा होते, ती बी पाणी वाढवून. खुर्च्या कांताबाईच्या, म्हैस बी तिचीच. लिहा काय लिहायचं ते!"

वंदनाने साधनाकडे पाहिलं आणि हसू ओठांत दाबलं.

"आजी, आम्ही कोणाचं स्थळ घेऊन नाही आलो," साधना म्हणाली. "कोणत्या घराला कशाची गरज आहे, ते दवाखान्याला कळावं म्हणून घरोघरी फिरतोय."

गोपिकाबाईने वळून म्हशीकडे पाहिलं. "अगं बया! मंग ही म्हैस मी उगंच ओढत आणली?"

मोनिका खुदकन हसली. किती दिवसांनी हसली.

"हिचं रक्त कमी दिसतंय. उद्या दवाखान्यात आणा, तपासून औषध देतील. बरी होईल," साधना म्हणाली. "पण आजी, पाच एकर आणि रोजचं तूप लिहून गेलो असतो, तर या घराकडे पुन्हा कोण फिरकलं असतं?"

गोपिकाबाईने स्वतःच्या हाताने दोघींना चहा दिला आणि तिसरा कप मोनिकाला.

पोरी पुढच्या घराकडे गेल्या. गोपिकाबाई म्हशीचं दावं सोडायला लागली, तोच फोन वाजला.

"मावशी, पाव्हणे चारला निघून राह्यलेत," तातेराव म्हणाले. "तयारी हाय ना?"

"आज न्हाई, तातेराव. पोरीचं रक्त कमी हाय, उद्या दवाखान्यात चाललो. बरी झाली की या म्हणावं."

"अहो, असं सांगितलं तर मोडंल की!"

"मोडलं तर मोडलं. सांगा बिनधास्त. आन् हे बी आत्ताच सांगून ठेवा, आमच्या दारात म्हैस न्हाई."

तिने दावं सोडलं. म्हैस आपली आपण कांताबाईच्या दाराकडे चालू लागली.