सलूनची खुर्ची शाळेत जाते

मी एक जुनी खुर्ची आहे. नुसती खुर्ची म्हणू नका, मित्रांनो, सलूनची खुर्ची! लोखंडी पाय, लाल रेक्झिनची गादी, मान टेकायला उशी आणि पाठ मागे पाडायला दांडा. तरुणपणी मी एकदा इतकी जोरात फिरले, की गिऱ्हाइकाची डावी मिशी उजवीकडे गेली. खोटं वाटत असेल तर आरशाला विचारा, तो समोरच होता.

माझ्या मालकांची मुलगी माझ्यावर बसून गरागरा फिरे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. मग एका तापानंतर ही भिंगरी थांबली. ताप उतरला, थकवा मात्र उतरेना. मधल्या सुट्टीपर्यंत ती शाळेत कशीबशी टिके आणि दुकानात येऊन माझ्यावर आडवी होई. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. प्रत्येक तपासणीत पोरगी ठणठणीत!

गिऱ्हाइकांची तोंडं वस्तऱ्याखालीही चालूच. "लाडावलीय हो!" "शाळा नको, दुसरं काय?" मालक त्यांच्या तोंडावर आणखी फेस थापत.

एके दिवशी तिच्या वर्गाचे सर दाढीला आले. भिंगरी माझ्यावर झोपलेली.

"वर्गात बसवत नाही, इथं बरी झोप लागते!" सर म्हणाले. "असंच चाललं तर हिला पुढच्या वर्गात कशी घालू?"

ती जागी झाली. "बसा ना सर," म्हणत बाजूच्या बाकड्यावर सरकली. सरांची अर्धी दाढी झाली तेव्हा ती पाणी प्यायला उठली. माठ चार पावलांवर, तरी वाटेतच ती खाली बसली. रडली नाही. दम खाऊन म्हणाली, "सर, भूगोलातली नदी समुद्राला मिळाली का हो? मी वर्गातून निघाले तेव्हा डोंगरातच होती."

एका गालावर फेस घेऊन सर तसेच उठले. तिला उचलून बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. मग बराच वेळ माझ्या दांड्याशी चाळा करत राहिले.

"अहो मालक, ही खुर्ची जमिनीतून सुटते का?"

"सुटते की. पण गिऱ्हाईक कुठं बसवू?"

"स्टुलावर. पहिला मी बसतो."

आणि उरलेली दाढी त्यांनी स्टुलावर बसूनच करून घेतली.

मी हातगाडीवरून शाळेत गेले. चौकातल्या पोलिसानं मला कडक सलाम ठोकला. एवढी मोठी खुर्ची म्हणजे मागून साहेब येतच असणार! वर्गात मालकांनी भिंगरीला माझ्यावर बसवलं आणि सवयीनं तिच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधून विचारलं, "बारीक करायचे का?" सगळा वर्ग खो खो हसला. कित्येक महिन्यांनी भिंगरीही हसली.

ती बरी झाली का? नाही, मित्रांनो. इथं मी थाप मारणार नाही. कधी ती येते, कधी येऊ शकत नाही. दमली की मैत्रीण दांडा ओढते, पाठ मागे पडते आणि भिंगरी डोळे मिटून धडा ऐकते. नदी समुद्राला मिळाली, तेव्हा ती वर्गात होती.

माझी गादी उसवलीय, टाका घातलात तर बरं होईल. पण खरं मागणं वेगळंच आहे. कुणी "मी दमलेय" म्हणालं, तर का आणि कशानं ते मागाहून विचारा. आधी बसायला द्या.