धोंडबाची गाडी

“तारीख सांगू नको आता, धोंडबा. तारखा आयकून आयकून कान किटले आमचे,” नानाजी आखाड्याच्या खोलीच्या दारातूनच म्हणाले.

आत यायला जागा होतीच कुठे! चार वर्षांपूर्वी गल्लीतली पोरं जिथे दंडबैठका काढायची, तिथे आता एक लांबलचक लाकडी चौकट, दोन जाडजूड रूळ, ट्रकचं स्टिअरिंग आणि टॉकीजमधून आणलेली मोडकी खुर्ची असा संसार मांडलेला होता. त्या संसाराच्या पोटाखालून धोंडबा हेडाऊ पाठीवर सरपटत बाहेर आला.

“चार दिवसांत पोळा हाय, नानाजी. तान्ह्या पोळ्याले पोरं गाडी चालवतीन. या बारीनं पक्कं.”

“मांगच्या बारीनंबी पक्कंच होतं.” नानाजींनी चष्मा पुसला. “मंडळानं ठरवलं हाय. तान्ह्या पोळ्याले चालली तं चालली. नाई तं दुसऱ्या दिवशी खोली खाली, अन् हे समदं कबाड्याले.”

मंडळाचे अध्यक्ष असले तरी नानाजी काही दुष्ट नव्हते. चार वर्षं त्यांनीच लोकांना थोपवून धरलं होतं. पण माणसाचा धीर किती दिवस पुरणार?

धोंडबा मोटर-पंप दुरुस्त करायचा. नागपूरच्या तांडापेठेतल्या त्या विणकरांच्या गल्लीत त्याच्या बापापर्यंत सगळ्यांनी मागच चालवला, हा एकटा तांब्याच्या तारेच्या नादी लागला. हाताला मात्र यश होतं. त्याने नवी तार गुंडाळून भरलेली मोटर पुन्हा जळत नाही, असं थेट कळमेश्वरच्या कारखान्यांतले फोरमनही म्हणत. एवढ्यावर गप्प बसला असता तर सुखात राहिला असता. पण एक्क्याऐंशी साली कस्तुरचंद पार्कवर प्रदर्शन भरलं, आणि तो गल्लीतली पोरं घेऊन तिकडे गेला.

तिथे मुंबईहून आलेलं एक यंत्र होतं. काचेच्या पेटीत रस्ता पळायचा, त्यावर टिनाची गाडी, आणि आपण स्टिअरिंग फिरवलं की गाडी डावी-उजवी. मोठी रांग होती. अडीच तास उभं राहूनही तांडापेठेच्या एकाही पोराचा नंबर लागला नाही, दिवे गेले आणि पेटी झाकून टाकली. परतताना एक पोरगं रडायला लागलं. धोंडबा म्हणाला, “रडतं काहून बे? मी बनवतो ना तुमच्यासाठी. याच्याहून चांगली.”

ते ‘याच्याहून चांगली’ नडलं. नुसती गाडी बनवायची असती तर सहा महिन्यांत झाली असती, झालीही होती. ट्रक चालवणारा रुपराव खुर्चीत बसला, दोन वळणं घेतली आणि म्हणाला, “झकास हाय गा!” धोंडबाने विचारलं, “ट्रकचं चाक वळवताना हाताले जसं जड लागते, तसं लागलं का?” रुपराव खरा माणूस. म्हणाला, “नाई, तसं नाई लागलं.” झालं! दुसऱ्या दिवशी यंत्र उघडलं. स्प्रिंगा बसवल्या, वजनं टांगली. चाक जड झालं तर गाडी सरळ जाईना. गाडी सरळ गेली तर वळणावर ती घसरत नव्हती, आणि पावसाळ्यातल्या रस्त्यावर गाडी घसरते हे पोरांना कळायला नको का? असं करता करता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचे, पोरांच्या लाकडी बैलांचे तीन तान्हे पोळे निघून गेले. दर वर्षी बैल सजवून आणलेली पोरं रांग लावायची, आणि दर वर्षी धोंडबा दाराशी हात जोडून उभा. ज्या पोराला रडू आलं होतं त्याला आता मिसरूड फुटलं होतं आणि तो गिरणीत बदली कामगार होता. सीताबर्डीवर एका दुकानात टीव्हीवरचा रंगीत गाडीचा खेळ आला, तशी मोठी पोरं तिकडे जायला लागली. गल्लीत तर म्हणच पडली. नळाला पाणी उशिरा आलं की बायका म्हणायच्या, “धोंडबाच्या गाडीनं येऊन राह्यलं वाटते!”

धोंडबा ऐकायचा आणि हसायचा. आत मात्र ते लागायचं. गल्लीने काय दिलं नव्हतं? कोणी लाकूड दिलं, रुपरावने स्टिअरिंग दिलं, मंडळाने खोली दिली. आणि देवाजीकाकांनी रस्ता दिला.

या वर्षी अडलं होतं ते रस्त्यावरच. रस्ता म्हणजे कापडाचा जाड पट्टा, वर काळा रंग, पांढऱ्या रेघा. दोन टोकं शिवून रुळांवर चढवलेला. शिवणीची जागा गाडीखाली आली की गाडी टुणकन उडायची. लोक म्हणाले, उडू दे, रस्त्यात खड्डे नसतात का? धोंडबा म्हणाला, “दर चक्कराले त्याच जागी खड्डा? पोरगं तिसऱ्या चक्करातच म्हणन, हा तं चिंधीचा रस्ता हाय.”

मग सत्तरीतले जुने विणकर देवाजीकाका म्हणाले, “शिवाचं काहून? सांधून टाकतो.” नवा ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवताना विणकर जुन्या ताण्याच्या टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा पिळून जोडतात, बोटाला राख लावायची, दोन धागे जवळ घ्यायचे, एक पीळ, की सांध बसली. तसंच रस्त्याची दोन टोकं उसवून एकमेकांना सांधायची, आणि मधली वीण सुईने भरून काढायची. तेराशे धागे होते. देवाजीकाकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना समोरच्या माणसाचा नुसता आकार दिसे. पण ते काम डोळ्यांचं नव्हतंच. रोज सकाळी सून जनाबाई त्यांना आणून चौकटीपाशी बसवायची आणि ते बोटांनी धागे शोधत बसायचे. मुलाने माग विकल्यापासून म्हाताऱ्याला कोणी काही काम सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस त्यांनी जेवायलाही नीट सवड काढली नाही.

पोळ्याच्या दिवशी दुपारी शेवटचा धागा बसला. धोंडबाने सांध्यावर बोट फिरवलं, डोळे मिटून पुन्हा फिरवलं. सांध कुठे आहे तेच सापडेना. त्याने म्हाताऱ्याचे पाय धरले.

“काका, कोनाले जमलं नसतं.”

“माहा शेवटचा माल हाय हा,” देवाजीकाका म्हणाले. “आता कोन विणायले सांगते?”

धोंडबाने सांध्यावरून काळा रंग दिला. रंग वाळला की झालं. त्याचा विचार होता, सकाळभर रिकामा फिरवून बघावा, मग पोरांना बसवावं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मारबतीची मिरवणूक निघाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं नागपूर रोगराई आणि पीडा शहराबाहेर घालवतं; मारबत म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या बाईचा मोठा पुतळा, आणि तिच्याबरोबर बडगे निघतात, कागदाकामट्यांचे पुतळे, ज्याच्यावर लोकांचा राग त्याचे. महागाईचा बडग्या, पुढाऱ्याचा बडग्या. गल्लीतून ढोल वाजायला लागले तसा धोंडबा गंमत बघायला दारात आला आणि तिथेच खिळला. गल्लीच्या पोरांनी या वर्षी आपलाच एक बडग्या काढला होता. धोंडबासारखीच बोकडदाढी, हातात सुपाचं स्टिअरिंग, गळ्यात पाटी : ‘चार वर्षांची गाडी’. अंगात खाकी सदरा. खिशावर तेलाचा डाग असलेला, धोंडबाचा स्वतःचा.

“धोंडबाची गाडी घेऊन जा गे मारबत!” पोरं ओरडत होती, आणि खिडक्यांतून बायका हसत होत्या.

तो मिरवणुकीमागे चालत राहिला, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. चौकात बडगे पेटले. खाकी सदरा अगोदर काळा पडला, मग एकदम भडकला. तो घरी आला तेव्हा बायको कौसल्या चूल फुंकत होती.

“माहा सदरा कोनं देल्ला त्याहिले?”

कौसल्येने मान वर केली नाही. “मीच देल्ला.”

“तू?”

“हाव, मी! चार वर्सांपासून सांगून राहिली, होईन, होईन. लोकं मले नळावर इच्चारते, तुमाले नाई. पोरं सदरा मांगाले आली, मले वाटलं, जाऊ दे जळून एकदाचं.” आणि मग ती पदरात तोंड घालून रडायला लागली.

धोंडबाला राग आला नाही. राग यायला अंगात काही उरावं लागतं. तो तसाच उठून आखाड्यात गेला. देवाजीकाका एकटेच बसले होते, जनाबाई त्यांना सोडून मिरवणूक बघायला गेली होती.

“काका, आज संध्याकाळी चालवतो. फिरवून पाहाले येळ नाई आता.”

“चालव ना बाप्पा! सांध पक्की हाय. मी पाह्यली हात लावून.”

संध्याकाळी अख्खी गल्ली आखाड्यासमोर जमली. आभाळ भरलेलं, हवा ओली. पोरं नवे कपडे घालून, लाकडी बैलांना झुली पांघरून आली होती. नानाजी पुढे होते, दारात कौसल्या उभी होती, आणि देवाजीकाकांना खुर्चीशेजारी स्टूल दिलं होतं. पहिला नंबर नानाजींच्या नातीचा लागला. तिने बैल आजोबांच्या हातात दिला आणि दोन्ही मुठींनी स्टिअरिंग धरलं. धोंडबाने बटण दाबलं. खालचे बल्ब लागले, मोटर घुमली आणि रस्ता पळायला लागला.

एक चक्कर झालं, दुसरं झालं. गाडी उडाली नाही. वळण आलं, पोरीने चाक ओढलं आणि ओरडली, “आजोबा, जड लागते! खरीखुरी हाय!” गर्दीतून अशी काही आरोळी उठली की देवाजीकाका स्टुलावरून अर्धे उठले. रुपरावने शिट्टी मारली. नानाजी एका हातात लाकडी बैल धरून दुसऱ्या हाताने डोळे पुसत होते. धोंडबा फक्त सांध्याची जागा बघत होता. तिसरं चक्कर, चौथं, पाचवं. त्याला वाटलं, आता मेलो तरी चालेल.

सहाव्या चक्कराला रस्ता रुळावरून सुटेना. सांध्याची जागा रुळाला चिकटली आणि त्याच्याच भोवती गुंडाळायला लागली. चौकट करकरली, टिनाची गाडी दांड्यासकट मोडून पडली, आणि तीस हातांचा रस्ता उभाच्या उभा फाटत गेला. पोरगी किंचाळून खुर्चीतून पळाली. धोंडबाने प्लग ओढला.

त्याने रुळावर हात घातला. बोटांना चिकट, पांढरं काहीतरी लागलं. त्याने ते नाकाशी नेलं आणि त्याला कळलं. तांदळाची खळ! जन्मल्यापासून हा वास नाकात बसलेला. धागे पिंजू नयेत म्हणून विणकर ताण्याला खळ लावतो. न लावता माल दिला तर त्याला झोप यायची नाही. सकाळी सगळे मारबतीला गेले तेव्हा म्हाताऱ्याने, आयुष्यभराच्या सवयीने, सांध्याला खालच्या अंगाने खळ लावली होती. ओल्या हवेत ती वाळली नाही, आणि बल्बच्या उबेने गोंद झाली.

“काय झालं गा?” देवाजीकाका हवेत चाचपडत होते. “धोंडबा, माही सांध सुटली का?”

“काय झालं सांग ना!” नानाजी पुढे आले. त्यांचा आवाज मऊ होता. “पाच चक्कर चालली, समद्याहिनं पाह्यलं. कापडाची भानगड असन तं सांग. मी मंडळाले सांगतो, दसऱ्यापर्यंत थांबा म्हनून. सांग, कायनं अडकलं?”

धोंडबाने हात पाठीमागे नेला आणि धोतराला पुसला.

“मोटर जळाली,” तो म्हणाला. “माहीच चूक. भरताना तार कमी पडली, मी तशीच बसवली. त्यानं झटका घेतला.” मग म्हाताऱ्याकडे वळून, जरा मोठ्याने : “काका, तुमची सांध जशीच्या तशी हाय. तिले काईच नाई झालं.”

“पाह्य! मी म्हनलंच होतं,” देवाजीकाका खाली बसले. त्यांचा चेहरा फुलला होता.

नानाजींच्या हातातला बैल खाली आला. “चार वर्सं,” ते म्हणाले. “अन् मोटर? मोटर तं तुहा धंदा हाय, धोंडबा! तेबी भरता नाई आली तुले?”

कोणीतरी हसलं. मग लोक पांगायला लागले, पोरांना ओढत. कौसल्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, “मोटर तं चालूच होती. तुमी प्लग ओढला तंवर घुमून राहिली होती, मी आयकलं.”

“गप ऱ्हाय वं,” धोंडबा म्हणाला. त्याने देवाजीकाकांचा हात धरला आणि त्यांना घरी पोचवायला निघाला. वाटभर म्हातारा सांगत होता, शेवटच्या दोनशे धाग्यांना कसा वेळ लागला ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आखाडा खाली झाला. कबाड्याची हातगाडी गेल्यावर नानाजींचा मुलगा सायकल रिक्षा घेऊन धोंडबाच्या दुकानासमोर थांबला. त्यांच्या विहिरीचा पंप आठ दिवसांपासून तिथे भरायला पडला होता.

“आबा म्हनते, दुसरीकडे दाखवू,” तो खाली बघत म्हणाला.

आधीच भरून झालेला पंप धोंडबाने पुसला, दोन्ही हातांनी उचलला आणि स्वतःच रिक्षात ठेवला. वाटेत हलू नये म्हणून खाली पोत्याची घडीही घातली.