पांडवांखालची मूठभर माती

पाच दगड, चुन्यात बुडवून पांढरे केलेले.

निळ्या ड्रममध्ये शेण, गोमूत्र, गूळ, बेसन.

जिभेवर आंबट चव.

नांदेडहून निघालेली एसटी. खिडकीशी एक म्हातारा, तीन वर्षांनी गावाकडे.

गांडुळं. दोऱ्यासारखी.

रेणापूरजवळच्या या रानात तनुजानं तीन वर्षं फवारा मारला नव्हता. रानातली भाजी खाऊन तिची लेक रुद्राणी आजारी पडली, तेव्हापासून. "माती जिती झाल्याबिगर पोरीला हितलं पानसुद्धा न्हाई," असं तिनं सासूला, केवळाबाईंना, बजावलं होतं. माती जिती झाली का, ते गांडुळं सांगणार होती. दरवर्षी अहमदपूरहून आणून सोडायची. दरवर्षी मरायची. मेली, की तनुजा ड्रममधलं जीवामृत वाढवायची, रानभर शिंपायची. दुधाला विरजण, तशी त्यात मूठभर चांगली माती लागते. जिथं नांगर गेला नाही, औषध पडलं नाही, तिथली.

आज येळवस, रानात पूजा करून जेवायची अमावास्या. कडब्याची खोपटासारखी कोप, आत पांडवांचे दगड, पुढं आंबट आंबिलाचं मडकं. सासरे आप्पासाहेब नांदेडच्या लेकीकडून सणाला आलेले.

"लई गोरे झालात की," केवळाबाई म्हणाल्या.

"तुज्या डोळ्याला दिसंना, अन् मला गोरा म्हणं," आप्पासाहेब हसले.

तनुजानं कोपीमागं उकरलं. गांडुळं सापडली. हलत नव्हती. ती खुरपं घेऊन आत आली, एक पांडव बाजूला ठेवला आणि खणू लागली.

"सूनबाई, काय करून राहिली तिथं?"

"ड्रमला माती घेऊन राहिले, मामा. तीन वर्षं हितलीच घेते."

आप्पासाहेबांचा भज्जीचा, सणाच्या मिसळ भाजीचा, घास ताटात परतला.

"हितलीच कामून?"

"पांडवांची जागा. हितं नांगर लागत न्हाई."

"हाव. म्हणूनच तर. सरकारनं ती किडीवरची पांढरी पावडर बंद केली, तवा उरलेलं पोतं म्या हितंच पुरलं."

"देवाखाली?" केवळाबाई ओरडल्या.

"मग कुठं? कोणी खणत न्हाई अशी दुसरी जागा दाव."

तनुजानं मूठ उघडली. माती काळी होती, भुसभुशीत. बाहेर, बांधापासून बांधापर्यंत, तिनं शिंपलेलं रान. शेजारी सणाची आरोळी देत होते, ओलगे, ओलगे, आणि पिकावर आंबिल उडत होतं.

"आत्या, रुद्राणी कुठाय?"

केवळाबाईंची नजर कोपीबाहेरच्या पिकावर गेली.

सकाळी, कोप बांधायच्या आधी, केवळाबाईंनी नातीला पांडवांजवळच्या हरभऱ्याचे शेंडे खुडून खायला दिले होते, सणाचे म्हणून.