बुडाचा फोटो

विद्मांतासच्या चावडीवर घाईला जागा नव्हती. वारेनाच्या जंगलात अळंबी गोळा करणाऱ्यांसाठी त्यानं आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून एक साधी वेबसाइट बनवली होती, तिला आम्ही चावडी म्हणायचो. सापडलेली अळंबी खाण्यासारखी आहे का, हे तिथं विचारायचं तर तीन फोटो लागत: छत्री वरून, छत्री खालून, आणि मातीतून उकरून काढलेलं देठाचं बूड. आमच्याकडे सुरीनं देठ कापायची सवय, त्यामुळे बूड शेवाळातच राहतं. आणि सगळ्यात विषारी अळंबीची पांढरी पिशवी नेमकी बुडाशीच असते. तिसरा फोटो नसला तर वेबसाइट प्रश्नच घेत नसे.

उत्तर देणारे आम्ही तिघं. विद्मांतास, वनरक्षक योकुबास, आणि मी, जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली इरेना बाई. एकाचं उत्तर दुसऱ्याला दिसायचं नाही; तिघांचीही आली की मगच ती उघडायची. एकदा योकुबास आणि मी दोघंही चुकलो आणि एकटा विद्मांतास बरोबर निघाला. तुमची उत्तरं आधी दिसली असती तर मी भिडेखातर गप्प बसलो असतो, हे त्यानं नंतर स्वतःच कबूल केलं. बारा वर्षांत आमच्यामुळे कुणाचं साधं पोट दुखलं नाही. लोक मात्र उशिराबद्दल कायम कुरकुरत.

विद्मांतास मागच्या वसंतात गेला. त्याची मुलगी रिमांते कौनासला जाहिरातीच्या कंपनीत आहे. बापाची आठवण म्हणून तिनं चावडी उचलून एका मोठ्या सोशल मीडिया साइटवर तिचा ग्रुप करून टाकला. प्रेमानंच केलं, मी तिला दोष देत नाही. मी तीन फोटोंचं विचारलं तर हसली.

"अहो काकू, दोन-दोन तास कोण थांबतं हल्ली? तोवर तव्यावरचं करपून जातं."

चारशे माणसांची अकरा हजार झाली. एकच फोटो, तोही देखणा. मिनिटाभरात उत्तर. उत्तर आवडलं की लोक लाल बदाम दाबायचे; ज्याला जास्त बदाम तो वर, बाकीचे खाली गाडलेले. मी प्रत्येकाकडे बुडाचा फोटो मागायची. 'बाईंची शाळा भरली,' असं कुणीतरी लिहिलं, त्याला तीनशे बदाम मिळाले. योकुबास वैतागून निघून गेला. मी राहिले, आणि का राहिले ते सांगायला मला लाज वाटते. एकदा बूड न मागता मी नुसतं 'सुंदर' लिहिलं आणि नव्वद बदाम पडले. अडतीस वर्षं शिकवलं, पण इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं. मला त्याची चटक लागली.

सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी स्काइस्तेचा फोटो आला. ही माझी जुनी विद्यार्थिनी, विल्नियसला राहते, वडिलांच्या सत्तरीसाठी गावी आली होती. टोपलीभर हिरवट छत्र्या, आणि खाली प्रश्न, ही ऊमेदेच ना? ऊमेदे आम्ही कांद्यावर परतून, आंबट साय घालून खातो. तिच्यासारखीच दिसणारी एक विषारी असते, वरून पाहून भल्याभल्यांना कळत नाही. मी फोटो उघडला तोवर साठ जणांनी हो म्हटलं होतं. देठ सगळे कापलेले. 'बूड दाखव' असं लिहायला मी सुरुवातही केली होती. मग वाटलं, पुन्हा हसतील. साठ माणसं काय आंधळी आहेत? मी ते पुसलं आणि लिहिलं, 'हिरवी ऊमेदे. झकास टोपली, पोरी.'

दुपारी चारला पुन्हा फोन उघडला तो आपले बदाम मोजायला, खोटं कशाला बोलू. चारशे होते. पार तळाशी कुणा अनोळखी माणसानं विचारलं होतं, उजवीकडच्या देठावर झालर दिसते का? त्याला एकही बदाम नव्हता. मी फोटो मोठा केला. झालर होती. ऊमेदेला झालर नसते, हे मी आठवीच्या वर्गाला शिकवायची.

मी तिच्या वडिलांच्या घरी फोन लावला, तिनंच उचलला.

"स्काइस्ते, त्या अळंब्या खाल्ल्यात का?"

"बारालाच संपल्या, बाई. अकरा जण होतो. इतक्या चविष्ट लागल्या म्हणून सांगू."

मी म्हटलं, सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठा. ती मलाच समजावू लागली. कुणाला काही झालं नाही, बाबा तर नाचताहेत. या विषाचं तेच तर वाईट, मी सांगितलं, पहिले आठ-दहा तास ते कळू देत नाही. मी बूड पाहिलं नव्हतं, तरी हो म्हटलं. चूक माझी आहे.

मागे अकॉर्डियन वाजत होतं.

"मला मातीत पिशवीसारखं काहीतरी दिसलं होतं," ती म्हणाली. "विचारणारच होते. तेवढ्यात तुमचं उत्तर आलं."

रुग्णवाहिका मी बोलावली आणि मागोमाग सायकलवर निघाले. पोचले तेव्हा स्काइस्ते पोरांना घेऊन गाडीत बसली होती. तिच्या आग्रहानं तिला धरून सात जण तयार झाले होते. चौघं उठायला तयार नव्हते, आणि त्यांत तिचे वडील पोविलास. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरीणबाई हात जोडत होत्या, तर ते त्यांच्यासमोर मोबाइल धरून माझंच उत्तर दाखवत होते. गाडी शेवटी सात जणांना घेऊन गेली, दुसरी पाठवते असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी पोविलासच्या पाया पडायची बाकी होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पुढ्यात केक सरकवला.

"बसा हो, बाई. उगाच जिवाला घोर लावून घेता. बघा, माझ्या अंगात विशीतला जोर आलाय."

खरंच आला होता. गाल लाल, डोळ्यांत चमक, हात उबदार. मी घड्याळ पाहिलं. सहा वाजत होते. आणखी दोन तास तरी त्यांना काहीच होणार नव्हतं.