सायनसचा शिक्का

मी शिक्का बोलून राहिलो. जरा थांबा, उठू नका. माझ्या पोटात स्प्रिंग आहे, ती मला निवांत बसू देत नाही आणि गप्पही. दाबलं की खाली, सोडलं की वर, असा माझा जन्म चालला आहे.

अमरावतीत राजापेठच्या एका दुकानात मी तयार झालो. नाक-कान-घशाचे डॉक्टर शुभंकर यांनी मला बनवायला टाकलं होतं. कापूस निघाला, जिनिंगची धूळ उडाली, थंडी पडली की इकडे घरटी एक नाक गच्च होतं. तेच तेच लिहून डॉक्टरांचा हात दुखायचा. म्हणून माझ्या तोंडात एकच शब्द बसवला, 'सायनुसायटिस', आणि खाली सहीपुरती जागा. डावा की उजवा, नवा की जुना, कशामुळे, यातलं काही मला बोलता येत नाही. एका शब्दावर आयुष्य काढायचं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं.

सुरुवातीला मी डॉक्टरांच्या टेबलावर होतो. ते नाकात उजेड पाडून नीट बघायचे, मग मला उचलायचे. ते दिवस बरे होते. पुढे गर्दी वाढली आणि माझी बदली बाहेर काउंटरवर, जमुनाबाईंकडे झाली. जमुनाबाई कामाला वाघीण. पेशंट 'नाक गच्च, डोकं दुखते' म्हणाला रे म्हणाला, की कागदावर मला दाणकन मारायच्या आणि कागद आत पाठवायच्या. निदान आधी, तपासणी मागून. आत डॉक्टर माझा ठसा बघून "सायनस ना?" म्हणायचे, पेशंट मान हलवायचा, की थेंब आणि वाफ लिहून मोकळे. सब घोडे बारा टक्के. मला हे बघवायचं नाही, पण माझं ऐकतो कोण?

बडनेऱ्याकडची माणिकबाई अशीच एका सकाळी आली. झेंडू-शेवंती पिकवून बाजारात विकणारी बाई. पदराला पाकळ्या चिकटलेल्या.

"काय झालं, मावशी?"

"डाव्या गालात ठणकते व पोरी. वरची दाढ बी हालते. शेवंती नाकाले लावली तरी घाणच वास येते. अन् मले साखर बी हाये."

"आत सांगजा डॉक्टरले," जमुनाबाई म्हणाल्या, आणि मी कागदावर आपटलो.

आत तिने काही सांगितलं नाही. शिक्का आधीच बसलेला, आणि डॉक्टरपुढे जास्त बोलायची तिला सवय नव्हती. ती पुन्हा आली, पुन्हा मी. तिसऱ्या खेपेला तिचा डावा डोळा जडावला होता. मी अंग चोरलं, फिकट उमटलो. जमुनाबाईंनी मला शाई पाजली आणि आणखी जोरात मारलं.

मग एका दुपारी अकोल्याहून फोन आला. जमुनाबाईंचे हात कामात, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. पलीकडे अमोल होता. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी लिहिलेला आजार वाचून विम्यासाठी त्याचा कोड लावायचं काम तो करतो. माणिकबाईचा डोळा सुजला म्हणून तिच्या मुलाने, शेखरने, तिला अकोल्याला आपल्याकडे नेलं होतं. डाव्या गालामागच्या पोकळीत बुरशी धरली होती आणि ती डोळ्याकडे सरकत होती.

"ऑपरेशन आजच लागते," अमोल म्हणाला. "पण विमा कंपनी जुने कागद मागून राहिली. तुमच्या तिन्ही कागदांवर नुसता शिक्का हाये. बाजू कोणती, कधीपासून, साखर हाये का नाही, काहीच नाही. कागदावर साधा सायनस अन् ऑपरेशन बुरशीचं, याचा मेळ लागून नाही राहिला. मंजुरी अडली हाये. डॉक्टरांकडून लेखी पाहिजे."

मागून शेखर बोलला, "मॅडम, आईचा डोळा जाईन हो."

जमुनाबाई मला मुठीत धरूनच आत धावल्या. सगळं सांगून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "सर, मागच्या तारखेचं लिहून देऊ ना. डावी बाजू तपासली म्हणून. कोणाले कळते?"

डॉक्टरांनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. माझी स्प्रिंग जमुनाबाईंच्या मुठीत आवळली गेली होती.

"मी तपासलीच नाही, जमुनाबाई," ते म्हणाले. "तिनं मला काही सांगितलंही नाही."

"मले सांगतलं होतं," जमुनाबाई म्हणाल्या. "गाल, दाढ, साखर, समदं. मी शिक्का मारला अन् आत पाठवलं."

डॉक्टरांनी आजचीच तारीख टाकली आणि लिहायला घेतलं: बाईने काउंटरवर काय सांगितलं, ते कागदावर कसं आलं नाही, आणि आपण नाकाची तपासणी न करता औषध कसं दिलं. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या विरुद्ध. जमुनाबाई म्हणाल्या, "सर, हे अंगावर येईन." ते म्हणाले, "येऊ दे. फोटो काढ, पाठव."

डावी बाजू, दाढ, साखर कागदावर आल्यावर मेळ लागला आणि संध्याकाळच्या आत मंजुरी आली. माणिकबाईच्या वरच्या दाढा गेल्या, गाल जरा आत बसला, पण डोळा वाचला.

आता काउंटरवर नवा शिक्का आला आहे. त्याच्यात बाजू, पोकळी, किती दिवस, इतर आजार, अशा रिकाम्या जागा आहेत. मी खणात पडलोय. वाटलं होतं, आता तरी जिवाला स्वस्थता मिळेल. कसली स्वस्थता? गर्दी झाली की जमुनाबाई नवा शिक्का मारतात आणि न विचारताच बाजूच्या जागेत 'दोन्ही' लिहून टाकतात. खण अर्धवट उघडा असतो, मला सगळं दिसतं आणि माझी तगमग होते.

काल माणिकबाई दाखवायला आली. जमुनाबाई तिच्याकडे बघून हसल्या, "बरं वाटते ना, मावशी?" म्हणाल्या, आणि बोलता बोलता सवयीने त्यांचा हात वर गेला. माणिकबाईने आपला पंजा कागदावर पसरून ठेवला.

"थांब व माय," ती म्हणाली. "आधी डॉक्टरले पाहू दे."

कागद कोराच आत गेला. बघा, काउंटरवर तुमचाही नंबर येईल. हात ठेवायला लाजू नका.