बाईंचं पुस्तक धरणारा

मित्रांनो, मी पुस्तक धरणारा एक जुना स्टँड आहे, आणि खरं सांगायचं तर जन्माचा भित्रा आहे. खाली जड लोखंडी पाया, त्यावर खांब, खांबावर वरखाली सरकणारा एक आडवा हात आणि त्या हाताच्या टोकाला लाकडी फळी, असं माझं रूप. पलंगावर पडून असलेल्या माणसाच्या तोंडासमोर पुस्तक धरून ठेवायचं, हे माझं काम. पण तो सगळा भार एका स्क्रूवर असतो. तो ढिला पडला तर मी कुणाच्या तरी अंगावर येईन, ही धास्ती मला कारखान्यातून निघतानाच लागली.

दुकानात मी मागच्या कोपऱ्यात उभा होतो. एके दिवशी गळ्यात टेप तसाच राहिलेला एक शिंपी आला. त्याची थोरली बहीण शाळेत शिकवायची. एका आजारात तिचं मानेखालचं सगळं अंग लुळं पडलं होतं. दुकानदारानं त्याला तारेचा, घडीचा स्टँड दाखवला.

"फुलासारखा हलका आहे. कुठंही उचलून न्या."

"हलका घेऊन काय करू?" शिंपी म्हणाला. "तिला पुस्तक सावरता येत नाही. त्यानंच सावरायला हवं."

मग त्याची नजर माझ्यावर पडली. त्यानं पिशवीतून बहिणीचा एक जाडजूड शब्दकोश काढून माझ्या फळीवर ठेवला, पट्ट्या अडकवल्या, फळी खाली कलती केली आणि मला गदागदा हलवलं. माझी बोबडी वळली. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. तो जमिनीवर उताणा झोपला आणि आपलं तोंड बरोबर माझ्याखाली आणून पडून राहिला. दुकानदार बघतच राहिला.

"हाच द्या," कपडे झटकत तो म्हणाला.

त्याच्या बहिणीला सगळी गल्ली 'बाई' म्हणायची. तो 'ताई' म्हणायचा. आणि त्याचे केस पिकले तरी ताई त्याला 'छोट्या' म्हणायची. टोकाला रबर लावलेली काडी दातांत धरून बाईंनी पहिलं पान उलटलं, लगेच दुसरंही उलटलं. मग म्हणाल्या, "छोट्या, आता पानापानाला तुझी वाट बघायला नको."

लोक येत, माझं कौतुक करत. मला मात्र खाली बाईंचा चेहराच दिसे.

सुरुवातीला छोट्या रोज सकाळी माझा स्क्रू आवळायचा. पुढं शिवणकाम वाढलं. माझ्या खांबावर ओले टॉवेल वाळू लागले, हातावर औषधांची पिशवी लटकू लागली. स्क्रूचे आटे झिजले. मी कुरकुरू लागलो.

"छोट्या, हा आवाज करतोय."

"लोखंड आहे ताई, जुनं झालं की बोलणारच. एवढं शिवून झालं की बघतो."

शिंप्याचं शिवून कधी झालंय?

एका दुपारी बाई तोच शब्दकोश वाचत होत्या. पलीकडच्या खोलीत मशीन धडधडत होतं. अचानक माझा हात खांबावरून केसभर घसरला. मग आणखी थोडा. मला थांबता येईना. बाईंच्या दातांतली काडी गळून पडली. त्यांनी हाक मारली. मशीनच्या आवाजात ती विरून गेली. पुस्तक त्यांच्या नाकातोंडाशी आलं, तशी त्यांनी मान वर उचलली आणि कपाळ फळीच्या कडेला टेकवलं. मी थांबलो. माझ्या हाताचा आणि त्या शब्दकोशाचा सगळा भार एका कपाळावर आला होता. त्यांच्या मानेच्या शिरा थरथरत होत्या, डोळे माझ्या स्क्रूवर खिळले होते. माणसाच्या डोळ्यांत एवढी भीती मी पहिल्यांदाच पाहिली, आणि ती माझ्यामुळे होती.

मशीन थांबलं. बॉबिनमधला दोरा संपला होता. तेवढ्या शांततेत बाईंनी पुन्हा हाक मारली.

छोट्या रिकामी बॉबिन हातात तशीच घेऊन धावत आला. त्यानं मला उचलून बाजूला केलं. बाईंच्या कपाळावर फळीचा लाल वळ उठला होता.

"किती वेळ अशी होतीस?" त्यानं विचारलं.

"तुझा दोरा संपेपर्यंत," बाई म्हणाल्या.

तो पलंगाच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याच संध्याकाळी त्यानं मला लेथवाल्याकडे नेलं. नवा स्क्रू बसला, शिवाय हात घसरू नये म्हणून खांबात एक आडवी खीळ आली. पण त्यानंतर कित्येक दिवस बाईंनी मला जवळ येऊ दिलं नाही. मी भिंतीला तोंड करून उभा होतो. आता माळा किंवा भंगार, असंच मला वाटत होतं.

मग एका सकाळी त्या म्हणाल्या, "छोट्या, त्याला आण इकडे. आधी पातळ पुस्तक लाव. आणि तू इथंच बस."

छोट्या बसला. बाई घाबरत घाबरत वाचू लागल्या. मीही घाबरत घाबरत धरून राहिलो.

मित्रांनो, भीती माझी अजून गेलेली नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरातलं एखादं दार, खुर्ची किंवा माझ्यासारखा स्टँड कुरकुरला, तर हातातलं काम बाजूला ठेवा आणि उठून बघा. आम्हाला तेवढंच बोलता येतं.