गोल चिन्हामागची पायरी

मेंदूचं चित्र काढणाऱ्या त्या अरुंद नळीत ताई आडवी झाली ती केवळ धाकट्या बहिणीच्या शब्दाखातर. धाकटी संशोधक, तिच्या प्रयोगाला माणसं कमी पडत होती. नियम तिने आधीच सांगितला होता. पडद्यावर फुली आली की पुढचं चित्र भयानक, गोल आला की साधं. मग थोड्या वेळाने तीच चित्रं पुन्हा, नव्यांत मिसळून. ओळखीचं दिसलं की बटण दाबायचं. आधी सावध केलेलं मन नंतर ओळखताना मेंदूत काय हालचाल करतं, ते धाकटीला बघायचं होतं.

फुलीमागचे अपघात, जखमा ताईने दात आवळून पाहिल्या. गोल आला की अंग सैल सोडायची. छत्री. किटली. वाळत घातलेली चादर. पुन्हा गोल आला, आणि त्याच्यामागून माहेरच्या जिन्याची शेवटची पायरी. कोपरा उडालेली.

दुसऱ्या फेरीत पायरी परत आली तेव्हा तिने बटण असं दाबलं की बोट दुखलं.

आकडेमोड व्हायला काही दिवस गेले. ताई भांडी घासताना धुमसली, कपडे पिळताना धुमसली, आणि बोलावणं आल्यावर तशीच धुमसत गेली. धाकटी आलेखाकडे बघून चुकचुकत होती. भयानक चित्रं ओळखताना तू शांत होतीस, पण एका साध्या चित्राला रेघ नुसती उसळलीय, म्हणाली; बहुतेक हललीस, ते एक वगळून टाकते.

"वगळून बघ," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, तरी धाकटीचा हात माउसवरून आपसूक निघाला.

"अगं, झालं काय?"

"बाबा गेले ते त्या पायरीवर, माझ्या मांडीवर. तू परीक्षेला परगावी. जिन्यावरून पडले, एवढं तुला पुरलं. कसे, कुठे, एका शब्दाने तरी विचारलंस? वर त्याच पायरीचा फोटो काढलास, आधी गोल लावलास आणि मला म्हणालीस, निवांत पड."

धाकटी पुटपुटली, की सांगायचंस तरी. मला आधी कल्पना द्यायला हवी होतीस.

"मला कुणी दाखवली होती फुली? चहा घेणार का, एवढंच विचारायला गेले होते मी त्यांना."

धाकटी खुर्चीत बसली. चष्मा काढून म्हणाली, "सांग. पण जरा थांब, मला..."

ताई थांबली नाही. तिने बाबांच्या उघड्या डोळ्यांपासूनच सुरुवात केली.